उतारवय आणि रक्तातील क्षार

'आजोबांचे सोडियम कमी झाले होते' हे वाक्य हल्ली घरोघर ऐकू येते. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलू लागतो, चालताना झोकांड्या खातो. घरची मंडळी म्हणतात, वय झाले. रक्त तपासावे तो १३५ ते १४५ असावयाचे सोडियम १२० वर आलेले! सगळा दोष वयाच्या माथी मारावा काय?

वयाचा वाटा आहेच. क्षार व पाणी यांचा हिशेब मूत्रपिंडे राखतात, आणि उतारवयात त्यांचे काम मंदावते. तहानही बोथट होते. रात्री उठावे लागू नये म्हणून कित्येक वृद्ध मुद्दामच पाणी कमी पितात. अशांचे सोडियम उलट वाढते.

ते कमी होते याचा अर्थ मात्र मीठ कमी खाल्ले, एवढाच सरळ नाही. बहुधा रक्तात क्षाराच्या मानाने पाणी जास्त साचलेले असते. चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या आजीबाईंचेच पाहा. जादा पाणी लघवीवाटे बाहेर टाकण्यास मूत्रपिंडांना प्रथिनांपासून होणारा युरिया व क्षार लागतात. आहारात तेच नसले, की पाणी आतच राहते. जुलाबानंतर नुसते पाणी पीत राहिल्यानेही हेच होते.

परंतु औषधांच्या डब्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. रक्तदाबावरील थायझाइड जातीची लघवीची गोळी सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही घटवते. नैराश्यावरील काही गोळ्या सोडियम उतरवतात. उलट एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांनी पोटॅशियम चढते. त्यात गुडघेदुखीची गोळी मनानेच घेतली, 'कमी सोडियमचे' मीठ आणले (त्यात पोटॅशियम क्लोराइड असते) आणि कोणी प्रेमाने रोज शहाळे पाजले, तर अशक्त मूत्रपिंडांना ते झेपत नाही. पोटॅशियम ३.५ ते ५ च्या फार वर गेले, की हृदयाचा ठोका बिघडतो. तोही पुष्कळदा पूर्वसूचनेवाचून.

हृदय, यकृत, थायरॉइड यांचे विकार आणि न्यूमोनिया हीही कारणे आहेतच.

कारण निरनिराळे, म्हणून उपायही निरनिराळा: एकाला पाणी द्यावे लागते, तर दुसऱ्याचे तोडावे लागते. हळूहळू उतरलेले सोडियम एकदम चढवले तर मेंदूला कायमची इजा पोहोचू शकते. रुग्ण शुद्धीवर दिसत असतानाही डॉक्टर त्याला आणखी दोन-तीन दिवस ठेवून वारंवार रक्त तपासतात, ते याचसाठी.