विदर्भातील शिलावर्तुळे

विदर्भातील शिलावर्तुळे ही लोहयुगातील महापाषाणीय संस्कृतीची दफनस्मारके आहेत. त्यांचा काळ सामान्यतः इ.स.पू. पहिले सहस्रक असा मानला जातो. नागपूर जिल्ह्यातील जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड, बोरगाव आणि भागीमाहरी ही त्यांची प्रमुख स्थळे होत. मृतासोबत घोडा पुरण्याच्या प्रथेमुळे त्यांची तुलना मध्य आशियातील गवताळ प्रदेशातील भटक्या अश्वारोही टोळ्यांच्या 'कुर्गान' या थडग्यांशी वारंवार केली जाते.

रचना

मोठे शिलाखंड वर्तुळाकार मांडून त्यांच्या आतील जागेत काळी चिकण माती, दगडगोटे आणि मुरूम यांचा भराव घातला जाई. भराव मध्यभागी किंचित उंच असल्याने स्मारकाला बुटक्या टेकाडाचा आकार येतो. मृताचे अवशेष आणि सोबतच्या वस्तू या भरावाखाली असत. अनेक दफनांत संपूर्ण सांगाडा मिळत नाही, निवडक अस्थीच मिळतात. त्यावरून देह आधी अन्यत्र ठेवून अस्थी नंतर पुरल्या जात असाव्यात, असा तर्क केला जातो. जुनापाणीच्या काही शिलाखंडांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेले आहेत. त्यांचा संबंध दिशा वा आकाशनिरीक्षणाशी जोडण्याचा प्रयत्न झाला आहे, परंतु त्यावर एकमत नाही.

काळी-तांबडी मृद्भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, पळ्या, पक्ष्याच्या आकृतीची मूठ असलेली तांब्याची झाकणे, मौल्यवान खड्यांचे मणी अशी सामग्री दफनांत आढळते. शस्त्रांच्या जोडीला सुताराची हत्यारे आणि स्वयंपाकाची साधनेही असल्याने, मरणोत्तर जीवनातही माणसाला कामधंदा आणि घरसंसार असतो, अशी या लोकांची समजूत असावी.

अश्वदफन

माहुरझरी येथे शां. भा. देव यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी केलेल्या उत्खननात माणसाच्या अवशेषांसोबत घोड्याचे अवशेष, लोखंडी कडियाळी आणि घोड्याच्या मुखावर बांधण्याचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार सापडले. घोड्याच्या काही हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. म्हणजे घोडा धन्यामागून नैसर्गिक मरणाने गेला नव्हता. अंत्यविधीत त्याचा बळी दिला गेला असावा.

हीच प्रथा अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथे फार मोठ्या प्रमाणावर दिसते. तेथील थडग्यांत लाकडी ओंडक्यांचा कक्ष, वर दगडांची रास आणि कक्षाबाहेर शृंगारलेले घोडे अशी मांडणी होती. आत शिरलेले पाणी गोठून राहिल्याने नमद्याचे आणि कातड्याचे साज आजवर टिकले. तुवा प्रदेशातील अर्झान येथील राजथडग्यात तर १६०च्या आसपास घोडे होते. सिथियन राजाच्या मृत्यूनंतर वर्षभराने पन्नास सेवक आणि पन्नास घोडे मारून थडग्याभोवती उभे केले जात, असे वर्णन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने केले आहे.

लॉरेन्स लेश्निक यांनी दक्षिण भारतातील महापाषाणीय दफने पशुपालक भटक्या समाजांशी जोडली. तथापि साम्यावरून स्थलांतर सिद्ध होत नाही. विदर्भात ओंडक्यांचा कक्ष नाही आणि घोड्यांची संख्याही अल्प आहे. शिवाय नैकुंडला लोखंड वितळवण्याची भट्टी आणि टाकळघाटला राहती वस्ती सापडली आहे. हे लोक निव्वळ भटके नव्हते. घोड्याविषयीचा आदर दोन्हीकडे आहे, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.

वऱ्हाडातील स्थिती

ज्ञात शिलावर्तुळांची दाटी पूर्व विदर्भात, मुख्यतः नागपूरभोवतीच्या खडकाळ माळांवर आहे. अमरावती-अकोल्याच्या पूर्णा खोऱ्यात काळ्या कसदार मातीचा जाड थर असून मोठे दगड सहजी मिळत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नांगरटीत जमिनीवरच्या खुणा टिकणेही अवघड आहे. म्हणून पश्चिम वऱ्हाडात त्या काळी मनुष्यवस्तीच नव्हती, असे मात्र समजू नये. अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यात पूर्णाकाठच्या फुबगाव येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१८-१९ मध्ये उत्खनन केले, तेव्हा लोहयुगीन वस्ती आणि गोल झोपड्यांचे अवशेष उजेडात आले. तेथील वस्तूंची तुलना नैकुंड, माहुरझरी आणि टाकळघाट यांच्याशी केली जाते. पूर्वेकडे हा समाज मुख्यतः त्याच्या मृतांवरून ओळखला गेला, फुबगावात तो राहत्या घरांवरून.

संशोधन व संवर्धन

या दफनांची खोदाई एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नाक यांनी त्यांच्यावर लेख प्रसिद्ध केला. जुनापाणीचे शास्त्रीय उत्खनन बा. कृ. थापर यांनी १९६१-६२ मध्ये केले. त्या काळच्या बऱ्याच खोदाईत वस्तू गोळा करण्यावर भर होता आणि अस्थींच्या नोंदी त्रोटक राहिल्या.

जुनापाणीसारखी काही स्थळे संरक्षित आहेत, मात्र असंख्य वर्तुळे शेतांत आणि पडीक माळांवर आहेत. गिट्टी, बांध आणि रस्ते यांसाठी त्यांतील दगड उचलले जातात. एकदा दगड हलले की वर्तुळाचा व्यास, शिलाखंडांचा क्रम आणि खळग्यांची दिशा, हे तिन्ही पुरावे एकदमच नष्ट होतात.