बागेचा तुरेवाला राखणदार : हुदहुद

बचत गटाच्या या कार्यक्रमात आज आम्ही एका पाहुण्या पक्ष्याची माहिती सांगणार आहोत. त्याचं नाव हुदहुद. काही ठिकाणी त्याला हुप्प्याही म्हणतात. डोक्यावरच्या तुऱ्यामुळे आणि लांब चोचीमुळे पुष्कळजण त्याला सुतार पक्षी समजतात. पण सुतार पक्षी झाडाचं लाकूड टोकरतो आणि हुदहुद जमीन टोकरतो. दोघांचं काम वेगळं.

युरोपच्या दक्षिणेला भूमध्य समुद्र आहे. त्याच्या काठी स्पेन, इटली, ग्रीस असे देश आहेत. तिथे ऑलिव्ह, द्राक्षं, बदाम आणि संत्र्यांच्या बागा आहेत. तिथले बहुतेक हुदहुद हिवाळा आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला काढतात. थंडी सरू लागली की वाळवंट आणि समुद्र ओलांडून ते या बागांत येतात. वजन जेमतेम ६०-७० ग्रॅम, पण प्रवास हजारो किलोमीटरचा! अंग बदामी, पंखांवर काळे-पांढरे पट्टे आणि पंख्यासारखा उघडणारा तुरा. 'हुप-हुप-हुप' अशी त्याची हाक, त्यावरूनच त्याचं नाव पडलं. इस्राएलने २००८ साली त्याला आपला राष्ट्रीय पक्षी ठरवलं.

तो बागेत येऊन करतो काय? मऊ जमिनीत चोच खुपसून किडे आणि अळ्या बाहेर काढतो. भुंगेऱ्यांच्या अळ्या म्हणजे आपल्या हुमणीचीच भावंडं. जमिनीत बोगदे करून भाजीची मुळं कुरतडणारे किडेही तो खातो. तिकडे पाइनच्या झाडांवर एक केसाळ अळी पडते. तिचे केस लागले तर अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं. ही अळी जमिनीत शिरून कोष करते, तेव्हा हुदहुद ते कोष उकरून खातो.

आता त्याच्या संसाराचं बघू. झाडाची ढोली किंवा जुन्या दगडी भिंतीतलं भोक हेच त्याचं घर. मादी एकटी अंडी उबवते, साधारण पंधरा-सोळा दिवस. तेवढे दिवस नर तिला घास आणून देतो. या काळात घरट्याला कुजल्यासारखी घाण येते. म्हणून लोक या पक्ष्याला घाणेरडा म्हणतात. खरी गोष्ट वेगळीच आहे. मादीच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. उबवणीच्या दिवसांत तिच्यातून तपकिरी, वासाचा द्रव येतो. तो ती पिसांना आणि अंड्यांना चोळते. त्या द्रवात उपकारक जिवाणू असतात. दुधात विरजण घातलं की दह्याचे जिवाणू इतर जंतूंना वाढू देत नाहीत, तसंच हे जिवाणू अंडी नासवणाऱ्या जंतूंना रोखतात. आपण जिला घाण म्हणतो, ते आईनं पिलांना दिलेलं औषध आहे.

या पक्ष्याला भीती दोन गोष्टींची. जुनी झाडं तोडली आणि भिंती पाडल्या की घर जातं. जमिनीत कीटकनाशक टाकलं की अन्न जातं. म्हणजे किडे मारायला आपण विष आणतो आणि फुकटात किडे खाणारा निघून जातो. स्वित्झर्लंडच्या वालिस खोऱ्यात फळबागा आणि द्राक्षमळे आहेत. तिथे हुदहुद फार कमी झाले होते. लोकांनी लाकडाच्या शेकडो पेट्या बसवल्या आणि त्यांची संख्या पुन्हा वाढली. घर मिळालं की पाहुणा राहतो.

मैत्रिणींनो, हुदहुद आपल्या महाराष्ट्रातही आहे. हिवाळ्यात उत्तरेकडूनही काही येतात. अंगणात, परसात, शेताच्या बांधावर टुकूटुकू चालत चोच खुपसताना तो दिसेल. तेव्हा गटात एवढं ठरवूया. बांधावरचं ढोली असलेलं जुनं झाड सरपणासाठी तोडायचं नाही. परसबागेत उगाच विषारी पावडर टाकायची नाही. ढोलीतून वास आला म्हणून भोक बुजवायचं नाही, आणि मुलांना तिथे हात घालू द्यायचा नाही. खर्च एका रुपयाचाही नाही, आणि राखणदार मात्र पगाराशिवाय मिळतो.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगायचं : आपल्या शिवारात हुदहुद कुठे दिसला आणि ढोलीची झाडं किती उरली आहेत.