नव्या संख्या, जुने नियम

गणितावर बोलण्यासाठी एका कामगार संघटकाने उभे राहावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. पण आकड्यांशी आमचा संबंध रोजचा आहे. हजेरी, खाडे, जादा काम, महागाई भत्ता, उचल, कपात या साऱ्यांनी कामगाराचे आयुष्य बांधलेले असते. आणि ज्याला आकडा कळत नाही, त्याला करारही कळत नाही. म्हणून संख्यांकडेही मी कराराच्याच दृष्टीने पाहत आलो. त्यांचे प्रकार किती आणि नावे कोणती, एवढे पाठ करून फारसे हाती लागत नाही. एक प्रकार अपुरा का पडला, दुसरा कोणत्या अटीवर आला आणि तो आल्यावर जुन्यांचे काय झाले, हे पाहिले म्हणजे सारी वंशावळ उलगडते.

पहिला प्रकार मोजणीच्या संख्यांचा: १, २, ३, ४. त्यांना नैसर्गिक संख्या म्हणतात. त्यांची बेरीज करा की गुणाकार, उत्तर याच घरात सापडते. शिवाय त्यांचे नियम पक्के आहेत. बेरजेचा किंवा गुणाकाराचा क्रम उलटला तरी उत्तर तेच. आणखी एक नियम असा: चार कामगारांना प्रत्येकी ५०० रुपये रोज व ६० रुपये भत्ता द्यायचा आहे. दोन्ही मिळून ५६० ची चौपट करा, किंवा रोजाची आणि भत्त्याची चौपट वेगवेगळी काढून मिळवा. रक्कम २,२४० च येते. याला वितरणाचा नियम म्हणतात. तो ध्यानात ठेवावा, कारण पुढचे पुष्कळ काही त्याच्यावर अवलंबून आहे.

या घराला पहिला तडा वजाबाकीने जातो. पाचातून तीन गेले तर दोन. पण तिनातून पाच? मोजणीच्या संख्यांत याला उत्तर नाही. व्यवहारात मात्र आहे. मजुरी ३,००० झाली आणि उचल ५,००० ची असेल, तर मजुराच्या नावावर काय उरते, हे त्याच्या घरच्यांना कोणी शिकवावे लागत नाही. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात शून्य आणि ऋण संख्या यांच्या गणिताचे नियम मांडले. धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज. त्याने वापरलेले हेच शब्द आपण आजही वापरतो. नैसर्गिक संख्या, शून्य आणि ऋण संख्या मिळून पूर्णांकांचा परिवार झाला.

ऋण गुणिले ऋण म्हणजे धन, हे शाळेत बहुधा हुकूम म्हणून सांगितले जाते. तो हुकूम नाही. नव्या संख्यांना घरात घेताना अट एकच होती: जुने नियम मोडायचे नाहीत. आता ५ आणि −५ यांची बेरीज शून्य. म्हणून तिला −३ ने गुणले तरी शून्यच. हाच गुणाकार वितरणाच्या नियमाने दोन भागांत करू. −३ गुणिले ५ म्हणजे −१५. मग −३ गुणिले −५ किती असले पाहिजे? दोन्ही मिळून शून्य यायचे असेल तर १५ च. दुसरे काही ठरवले, तर जुना नियम मोडतो. व्यवहारही तेच सांगतो. महिना ३०० रुपयांची कपात आहे आणि अशा पाच कपाती रद्द करून घेतल्या, तर कामगाराचे १,५०० रुपये वाचले.

तरीही ऋण संख्यांना मान मिळायला वेळ लागला. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त वानरांचे एक कोडे आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून उरलेल्यांचा वर्ग केला, तितकी वानरे गुहेत गेली आणि एक बाहेर दिसते. तर वानरे किती? उत्तरे दोन येतात, ५० आणि ५. पाच धरले, तर पाचव्या हिश्शातून तीन वजा करताना −२ येतात. त्यांचा वर्ग चार, आणि बाहेरचे एक मिळून पाच. हिशेब चोख आहे. पण वानरे ऋण होणे लोकांना पटत नाही, म्हणून भास्कराचार्यांनी ते उत्तर बाजूला ठेवले. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणे येथे सापडला, त्या थोर गणित्याची ही सावधगिरी आहे.

दुसरा तडा भागाकाराचा. सात भाकरी तिघांत वाटायच्या, तर पूर्णांक अपुरे पडतात. म्हणून अपूर्णांक आले. एका पूर्णांकाला दुसऱ्याने भागून मिळणाऱ्या या संख्यांना परिमेय म्हणतात. प्रत्येक पूर्णांक परिमेयच असतो, कारण त्याच्याखाली एक छेद लिहिता येतो. शून्याने भागायला मात्र मनाई आहे, आणि तीही लहर नव्हे. पाचाला शून्याने भागून काही उत्तर आले, तर त्या उत्तराला शून्याने गुणून पाच यायला हवेत. पण शून्याने काहीही गुणले तरी शून्यच येते.

तिसरा तडा भूमितीने पाडला. एक हात बाजूच्या चौरसाचा कर्ण किती लांब? ज्या संख्येचा वर्ग दोन, तितका. आपल्या शुल्बसूत्रांतली रीत ५७७ भागिले ४०८ हे उत्तर देते. पडताळा पाहा: ५७७ चा वर्ग ३,३२,९२९, आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. फरक अवघ्या एकाचा! पण तो एक कोणत्याच अपूर्णांकाने मिटत नाही. समजा, एखाद्या अपूर्णांकाने मिटला, आणि त्याला आपण पुरता संक्षेप दिला आहे. अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणून अंश सम. सम अंशाच्या वर्गाला चाराने भाग जातो; म्हणून छेदाचा वर्ग सम आणि छेदही सम. मग दोहोंना दोनाने भाग जातो, म्हणजे संक्षेप पुरा झालाच नव्हता. अशा संख्यांना अपरिमेय म्हणतात. वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर, म्हणजे पाय, याच जातीचे आहे, हे लांबेर्टने १७६१ मध्ये सिद्ध केले. परिमेय आणि अपरिमेय मिळून वास्तव संख्या होतात. सरळ रेषेवरच्या प्रत्येक बिंदूला त्यांतली एक संख्या मिळते. कोणीही बिनानावाचा राहत नाही.

येथे थांबता आले असते. पण ज्याचा वर्ग −१, अशी संख्या वास्तवांत नाही. कारण धनाचा वर्ग धन आणि ऋणाचाही धनच. सोळाव्या शतकात इटलीत घनसमीकरणे सोडवताना हीच अडचण आली. एका संख्येचा घन हा तिच्या पंधरापटीत चार मिळवल्याइतका आहे. उत्तर चार; ६४ म्हणजे ६० आणि ४. पण कार्दानोच्या रीतीने गेले, तर वाटेत −१२१ चे वर्गमूळ आडवे येते. बोंबेल्लीने १५७२ च्या ग्रंथात या मुळांनाही जुने नियम लावले. शेवटी ती एकमेकांना काटून गेली आणि चार हातात राहिले. वास्तव संख्या आणि ही कल्पित मुळे मिळून संमिश्र संख्या होतात. आज उलटसुलट वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहाचे गणित अभियंते त्यांनीच करतात.

या वेळी मात्र किंमत द्यावी लागली. वास्तव संख्यांत लहान-मोठे ठरवता येते; संमिश्रांत, बेरीज-गुणाकाराचे नियम सांभाळून, ते ठरवता येत नाही. −१ चे वर्गमूळ धन धरा की ऋण, त्याचा वर्ग धन यायला हवा, आणि तो तर −१ आहे. पुढे १८४३ मध्ये हॅमिल्टनने आणखी एक प्रकार रचला, तेव्हा गुणाकाराचा क्रम उलटला तरी उत्तर तेच, हा नियमही सोडावा लागला. पण काय सोडले, ते उघड सांगून सोडले. करारात कलम गाळायचे तर ते असे, सर्वांसमक्ष गाळावे.

नैसर्गिक संख्या पूर्णांकांत, पूर्णांक परिमेयांत, परिमेय वास्तवांत आणि वास्तव संमिश्रांत सामावतात. नवा आला म्हणून जुना कोणी बेघर झाला नाही. तेव्हा ‘हे शक्य नाही’ असे कोणी म्हटले, तर ‘कोणत्या संख्यांत?’ असे विचारावे. आणि घरी मुलाने ऋण गुणिले ऋण धन का, असे विचारले, तर ‘पाठ कर’ म्हणू नये. त्याच्यासमोर पाच कपाती मांडाव्यात आणि त्यालाच त्या रद्द करायला सांगावे.