वेदना घरी येते, औषधही घरी यावे

लहान मुलाच्या कर्करोगाचे नाव निघताच समाजाच्या दृष्टीसमोर उभे राहते ते मुंबईतील परळ. १९४१ साली स्थापन झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशभरातून मुले येतात आणि त्यांतील पुष्कळ बरीही होतात. परंतु रुग्णालयातील दिवस मोजके असतात. उरलेले दिवस, आणि त्याहून दीर्घ अशा रात्री, घरीच काढावयाच्या असतात. मुंबईपासून सुमारे चारशे किलोमीटरवर, जळगावच्या पिंप्राळ्यात, मध्यरात्री मूल कण्हू लागले तर वैद्य आणि परिचारिका या दोन्ही भूमिका आईबापांनाच वठवाव्या लागतात.

या कामी पहिली अडचण वेदना ओळखण्याची. मूल रडले नाही म्हणजे त्यास दुखत नाही, हा समज घातक आहे. खेळणे टाकून भिंतीकडे तोंड करून निमूट पडलेले मूल शहाणे झालेले नसते. बहुधा ते दुखण्याने थकलेले असते. म्हणूनच हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंतची चित्रे दाखवून, ‘तुझे दुखणे यांतले कोणते?’ असे मुलालाच विचारण्याची पद्धत रूढ झाली. उत्तर आणि वेळ वहीत टिपून ठेवली, तर डॉक्टरांना अचूक निर्णय घेता येतो.

दुसरी गोष्ट औषधाची. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची उपचारपद्धती सांगितली. मुलांसाठी २०१२ साली तिच्या दोनच पायऱ्या केल्या. सौम्य वेदनेला साधी वेदनाशामके, तीव्र वेदनेला मॉर्फिन. मात्रा मुलाच्या वजनावरून डॉक्टरांनीच ठरवावयाची. परंतु ती घड्याळाप्रमाणे देणे हे घरच्यांचे काम. दुखणे असह्य होईपर्यंत थांबणे म्हणजे आग भडकल्यावर विहीर खणणे होय. मॉर्फिनने मलावरोध होतो, म्हणून सोबत रेचक लागते. सावकाश विरघळणारी गोळी कुटून देऊ नये आणि औषध मनाने एकाएकी बंदही करू नये, हेही पालकांना सांगितले गेले पाहिजे.

‘मुलाला व्यसन लागेल’ ही भीती अनेक घरांत आढळते. वैद्यकीय देखरेखीखाली वेदनेसाठी दिलेले औषध आणि नशेसाठी घेतलेले द्रव्य यांत मूलभूत अंतर आहे. दुर्दैवाने हे अंतर कायद्यालाही दीर्घकाळ उमगले नव्हते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिनसाठी अनेक परवान्यांची गरज निर्माण झाली. दंडाच्या धास्तीने रुग्णालयांनी व औषधविक्रेत्यांनी ते ठेवणेच सोडले. सातपुड्यापलीकडे मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि तिच्यापासून बनणारे स्वस्त औषध अलीकडच्या मुलाला दुर्मिळ, असा हा विपर्यास! २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त करून वाट मोकळी केली. मान्यताप्राप्त संस्थेला आता अनेक परवान्यांच्या फेऱ्यांत अडकावे लागत नाही.

परंतु कायदा सुधारला म्हणून औषध आपोआप घरी पोहोचत नाही. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे मॉर्फिनचा अखंड साठा, ते देण्यास प्रशिक्षित डॉक्टर आणि रात्री पालकांच्या प्रश्नाला उत्तर देणारा दूरध्वनी, एवढी व्यवस्था मागणे अवास्तव नव्हे. १९९३ साली कोझिकोडे येथे सुरू झालेल्या वेदनाशमनाच्या कार्याने सामान्य स्वयंसेवकांना हाताशी धरून घरोघरी सेवा पोहोचविता येते, हे केरळात सिद्ध केले आहे.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ ओढण्यास असंख्य हात पुढे येतात. त्यांतील काही हातांनी आळीपाळीने एखाद्या आजारी मुलाच्या घरी तासभर थांबावे, म्हणजे जागरणाने खचलेल्या आईला झोप मिळेल. शिक्षकांनी वर्गातील अशा मुलाची चौकशी ठेवावी. रोग बरा करणे नेहमीच माणसाच्या हाती नसते. वेदना कमी करणे मात्र बहुतेक वेळा असते. जे हाती आहे, ते न करण्यास कोणतीही सबब पुरेशी नाही.