जुनं मल्टीचॅनेल पिपेट घेताय? सरासरीवर जाऊ नका

आजचा विषय जरा वेगळा आहे. लॅबसाठी जुनं मल्टीचॅनेल पिपेट घेताना काय तपासायचं?

अकोल्यात माझ्या मित्राची बियाणं तपासायची छोटी लॅब आहे. कपाशीच्या बियाण्यात बीटी प्रोटीन आहे की नाही, हे तो एलायझा चाचणीनं पाहतो. या चाचणीच्या प्लेटमध्ये ९६ खळगे असतात, ८ आडव्या ओळी आणि १२ उभ्या. आठ चॅनेलचं पिपेट एका दाबात एक उभी ओळ भरतं. बारा दाबांत अख्खी प्लेट!

अमरावतीला एक जुनं पिपेट निम्म्या किमतीत मिळत होतं. मित्र म्हणाला, "तू इंजिनिअर हायेस ना बे, चाल पाहाले." मी सॉफ्टवेअरवाला, तरी गेलो.

विकणाऱ्यानं कागद दाखवला. सेटिंग १०० मायक्रोलिटर, सरासरीही १००. एकदम बरोबर! पण ही सरासरी आठही चॅनेलची मिळून होती.

मग आम्ही एकेक चॅनेल वेगळा मोजला. पद्धत सोपी आहे. १०० मायक्रोलिटर पाणी साधारण १०० मिलिग्रॅम भरतं. ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्यायचा आणि प्रत्येक चॅनेलचं पाणी दहा-दहा वेळा तोलायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं, म्हणून भांड्यावर झाकण हवंच.

सात चॅनेल १०१ च्या आसपास, आठवा ९३. आता करा सरासरी: बरोब्बर १००! आयएसओ ८६५५ या मानकानुसार अशा पिपेटला १०० मायक्रोलिटरवर साधारण १.६ टक्के चूक चालते. इथं तर सात टक्के!

आणि एक चॅनेल कायम एकच आडवी ओळ भरतो. म्हणजे प्रत्येक प्लेटमध्ये तेच १२ खळगे कमी भरणार. त्यात काठावरचा नमुना असला, तर निकालच उलटू शकतो. त्या निकालावर कोणीतरी पेरणी करणार असतं.

आणखी तीन गोष्टी पाहा. टिपा भरून वीस सेकंद उभं धरा. थेंब गळायला नको, आठही पातळ्या सारख्या हव्यात. सील आणि टिपा बाजारात मिळतात का, विचारा. आधी त्यात काय हाताळलं, तेही विचारा आणि निर्जंतुक करूनच घ्या.

आमच्या पिपेटचं एक सील झिजलं होतं. ते बदलून आठही चॅनेल पुन्हा मोजले, तेव्हाच पैसे दिले.

भेटू पुढच्या भागात!