फ्लायव्हील जोर देत नाही, जपून ठेवते

मुरुडसारख्या लातूर जिल्ह्यातील गावांत विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील (प्रचक्र), इंजिनाला जोर देते आणि त्याला तडा गेल्यास वेल्डिंगने भागते, असा समज आढळतो. तो स्वाभाविक असला तरी दोन्ही अंगांनी चुकीचा आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याच्या (पिस्टनच्या) चार खेपांपैकी एकच जोर लावणारी असते. तिची ऊर्जा चाक साठवते आणि उरलेल्या तिन्ही खेपा पार पाडते, जसे कुंभाराचे चाक काठीने एकदा फिरवले की हात मडक्याकडे वळला तरी फिरत राहते. हे चाक बहुधा बिडाचे (ओतीव लोखंडाचे) असते आणि बीड दाब सोसते तितका ताण सोसत नाही. शिवाय फिरण्यामुळे चाकात निर्माण होणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या १८०० झाल्या, तर वेग २० टक्क्यांनी, पण ताण ४४ टक्क्यांनी वाढतो. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारचे बीड आणखी ठिसूळ होते, म्हणून तडकलेले चाक बदलावेच लागते. मात्र नवे बसवण्यापूर्वी भुजादंड (क्रँकशाफ्ट) वाकला आहे काय, चाक त्यावर पक्के धरणाऱ्या चावीची (की) खाच सैल झाली आहे काय आणि वेग आवरणारा गव्हर्नर अडकतो काय, हे पाहणे आवश्यक असते. घाईत राहून जाते ती बहुधा ही शेवटची तपासणी, आणि गव्हर्नर अडकलेलाच राहिला तर नवे चाकही त्याच वाढीव वेगाने फिरते.