काळ्या दगडाची गोष्ट – लेखांक ९ : बर्फाखाली फुटलेला ज्वालामुखी

या आठवड्यात लोणारला जायचे ठरले होते, पण लोणार आठ दिवस थांबेल. अकोल्याच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. ज्वालामुखी बर्फाखाली फुटला तर आग विझते का, आणि आपल्या सातपुड्यात असे कधी घडले का, असे ते विचारतात. असा प्रश्न हाती आल्यावर दुसऱ्या विषयाकडे वळणे मला तरी जमणार नाही.

आग विझत नाही. शिलारस स्वतःच्या घनफळाच्या दहापटीच्या आसपास बर्फ वितळवतो. ३० सप्टेंबर १९९६ च्या रात्री आइसलंडमध्ये वात्नायोकुल या विशाल हिमनदीखाली जमीन फाटली. वर अर्ध्या किलोमीटरहून जाड बर्फ होता. भूकंपमापकांनी आधीच चाहूल दिली होती, म्हणून अभ्यासक विमानाने वर घिरट्या घालू लागले. पहिल्या दिवशी त्यांना ना ज्वाळा दिसल्या ना धूर. पांढऱ्या सपाटीवर फक्त खचत चाललेले खळगे दिसले. खालचा आधार वितळत होता आणि वरचा बर्फ बसत होता. २ ऑक्टोबरला सकाळी बर्फ फोडून राख आणि वाफ उसळली. पुढे काय होणार हे त्या खळग्यांनी आदल्या दिवशीच सांगितले होते, आणि मला या साऱ्या घटनेत तेच सर्वांत थरारक वाटते.

खरे संकट पाण्याचे होते. दोन आठवड्यांत सुमारे तीन घन किलोमीटर बर्फ वितळला आणि ते पाणी बर्फाखालून वाहत ग्रिम्सव्होत्न नावाच्या झाकलेल्या सरोवरात साठत गेले. उद्रेक १३ ऑक्टोबरच्या सुमारास थांबला, तरी पाणी बाहेर पडेना. किनाऱ्यालगतचा रस्ता बंद करून लोक वाट पाहत राहिले. ५ नोव्हेंबरला पाण्याने बर्फाचा बांध उचलला. ऐन भरात सेकंदाला ४५ हजार घनमीटरच्या आसपास पाणी, घराएवढे हिमखंड घेऊन, समुद्राकडे धावले. एक पूल साफ वाहून गेला, दुसऱ्याचा काही भाग तुटला. जीवितहानी मात्र एकही नाही, कारण वाट पाहणाऱ्यांनी डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली होती.

आता आपल्याकडे. विदर्भात हिमनदी होती, हे अनेकांना खरे वाटत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत. सरकत्या बर्फात अडकलेल्या दगडांनी ते काढले. १८७०च्या दशकात फेडन या भूवैज्ञानिकाने ते नोंदवले. ते आहेत सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे, आपली भूमी दक्षिण ध्रुवाकडे होती तेव्हाचे. आपला लाव्हा आला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. दोघांत वीस कोटींहून अधिक वर्षांचे अंतर, म्हणजे विदर्भात आग आणि बर्फ दोन्ही नांदले, पण त्यांची भेट झाली नाही.

हे आपला दगडच सांगतो. आइसलंडमधला हेर्दुब्रेद हा माथ्यावर सपाट असलेला डोंगर हिमयुगात बर्फाखाली वाढला. त्याच्या तळाशी एकावर एक रचलेल्या उशांसारखा गोलसर लाव्हा आणि काचेसारख्या तुकड्यांचा खडक आहे, कारण तिथे शिलारस पाण्यात पडून झटकन थिजला. बर्फ फोडून वर आल्यावरच त्यावर साधे थर चढले. चिखलदऱ्याचे पठारही माथ्यावर सपाटच, पण ते तळापासून उघड्या हवेत पसरत गेलेल्या लाव्हाचे आहे. दख्खनच्या अशा दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी मातीचा पट्टा सापडतो. एक थर थंड झाला, त्याची झीज होऊन माती झाली, मग पुढचा लाव्हा आला, इतकी उसंत त्या पट्ट्यात नोंदलेली आहे.

परतवाड्याहून घाट चढताना गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत तो पट्टा शोधा. सापडला तर कुठल्या वळणावर, ते मला कळवा. पुढच्या आठवड्यात लोणार.